पासपोर्ट कोणता, आणि कोणत्या तारखेला?

दोन देशांमधल्या गुंतवणूक संरक्षण कराराच्या आधारे परदेशी गुंतवणूकदार यजमान देशाच्या सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादासमोर कसा उभा करू शकतो, हे गेल्या अंकातल्या सदरात सांगितलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: यात ‘परदेशी’ नेमकं कोणाला म्हणायचं? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक संरक्षण करार नाही, असं तुम्ही लिहिलंत. दाभोळ वीज प्रकल्पातल्या एन्रॉन, जीई आणि बेक्टेल या तर अमेरिकन कंपन्या. मग त्यांना लवादात जाता आलं कसं? — विधी शाखेची विद्यार्थिनी, रत्नागिरी

कारण कागदोपत्री त्या अमेरिकेतून आल्याच नव्हत्या. दाभोळ पॉवर कंपनीतली भागीदारी मधल्या कंपन्यांमार्फत ठेवलेली होती आणि त्यातल्या काही मॉरिशसमध्ये नोंदलेल्या होत्या. भारत-मॉरिशस गुंतवणूक करार १९९८चा. त्यात कंपनीचं राष्ट्रीयत्व नोंदणीवरून ठरतं. मालक कोण, पैसा कुठला, संचालकांच्या बैठका कुठे होतात, असले प्रश्न तो करार विचारत नाही. दाभोळचं, म्हणजे गुहागर तालुक्यातलं वीजकेंद्र २००१ मध्ये बंद पडलं आणि एन्रॉन दिवाळखोरीत गेली, तेव्हा त्यामुळेच जीई व बेक्टेल यांना मॉरिशसच्या करारावर बोट ठेवून भारताविरुद्ध दावा आणता आला.

कर्ज देणाऱ्या बँकांनी वेगळा मार्ग धरला. ज्या बँकेचा जो देश, त्या देशाचा भारताशी असलेला करार त्यांनी वापरला. एबीएन अॅम्रोने नेदरलँड्सचा, बीएनपी पारिबाने फ्रान्सचा, क्रेडिट स्विसने स्वित्झर्लंडचा, स्टँडर्ड चार्टर्डने ब्रिटनचा, एर्स्टे बँकेने ऑस्ट्रियाचा. प्रकल्प एक, वीजखरेदीचा वाद एक, आणि दावे मात्र देशागणिक वेगळे. अमेरिकन सरकारच्या ओपिक या विमा संस्थेने भरपाई चुकती केल्यावर अमेरिकेने २००४ मध्ये सरकार विरुद्ध सरकार असा आणखी एक लवाद सुरू केला, तो १९९७च्या स्वतंत्र करारावर. पुढे तडजोडी झाल्या आणि हे दावे निवाड्यापर्यंत गेले नाहीत.

अभ्यासासाठी यामागचा कायदा थोडा उलगडून सांगतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७० मध्ये ‘बार्सिलोना ट्रॅक्शन’ प्रकरणात निकाल दिला. कंपनी कॅनडात नोंदलेली, धंदा स्पेनमध्ये, भागधारक बहुतेक बेल्जियन. न्यायालय म्हणालं, कंपनी कॅनडाची आहे, तेव्हा भागधारकांच्या वतीने बेल्जियमला दाद मागता येणार नाही. गुंतवणूक करारांनी हीच अडचण दूर केली. त्यांत ‘शेअर’ हीच गुंतवणूक मानली जाते. साहजिकच मालकीच्या साखळीतला प्रत्येक दुवा आपापल्या देशाचा करार काढून उभा राहू शकतो. देवास प्रकरणात हेच झालं. बंगळुरूच्या देवास मल्टिमीडियाचा अँट्रिक्सशी (इस्रोची व्यापारी कंपनी) झालेला करार सरकारने २०११ मध्ये रद्द केला. स्वतः देवासने कराराप्रमाणे आयसीसी (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) लवाद मागितला. तिच्या मॉरिशसमधल्या भागधारक कंपन्यांनी मॉरिशसच्या करारावर दावा केला, आणि सिंगापूरच्या उपकंपनीमार्फत शेअर धरणाऱ्या डॉइच टेलिकॉमने जर्मनीच्या. तिन्ही लवाद मंडळांचे निर्णय भारताच्या विरोधात गेले. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून देवास गुंडाळण्याचा आदेश कायम केला, तो वेगळा विषय.

प्रश्न : मी १४ वर्षं दुबईत आहे, यूएईचा गोल्डन व्हिसा आहे, पासपोर्ट भारतीय. नाशिकजवळच्या शीतगृहात माझे पैसे आहेत. भारत-यूएई करार मला लागू होईल का? — दुबई

नाही. गोल्डन व्हिसा हा राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. भारतात तुम्ही भारतीय गुंतवणूकदारच आहात. स्वतःच्या देशाविरुद्ध या करारांखाली दावा करता येत नाही.

दुबईत कंपनी काढून तिच्या नावाने पैसे आणले तर? जुन्या, केवळ नोंदणी पाहणाऱ्या करारांत कदाचित निभावलं असतं. भारताने २०१५च्या अखेरीस नवा नमुना करार, म्हणजे पुढच्या करारांसाठीचा साचा, मंजूर केला. त्याप्रमाणे कंपनीचा तिच्या देशात भरीव व्यवसाय असावा लागतो, किंवा तिची मालकी अथवा नियंत्रण त्या देशाच्या नागरिकाकडे किंवा तशा भरीव व्यवसायाच्या कंपनीकडे असावं लागतं. टपालपेटीच्या पत्त्यावर चालणारी कंपनी यात बसत नाही.

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. २००९ मध्ये ब्रिटिश नागरिक झालो, ओसीआय कार्ड आहे. २०११ मध्ये इचलकरंजीतल्या यंत्रमाग कारखान्यात पैसे घातले. ओसीआयमुळे मी अर्धा भारतीय ठरतो का? — लेस्टर

कायद्यात अर्धा भारतीय नसतो. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ : स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. अर्ज करावा लागत नाही, आदेश निघावा लागत नाही. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावात ‘सिटिझन’ असल्याने गैरसमज होतो, पण ओसीआय परदेशी नागरिकालाच मिळतं. म्हणजे ते कार्ड तुमच्या परकेपणाचाच पुरावा आहे.

तुमची खरी अडचण दुसरी आहे. भारताने २०१६-१७ मध्ये पन्नासहून अधिक देशांना करार संपवत असल्याच्या नोटिसा दिल्या, त्यात ब्रिटनही होता. अशा करारांत शेवटी एक कलम असतं : करार संपला तरी आधी केलेल्या गुंतवणुकीला आणखी काही वर्षं, बहुधा दहा किंवा पंधरा, संरक्षण राहतं. तुमची गुंतवणूक २०११ची, त्यामुळे ते कलम तुमच्या कामाचं आहे. पण २०१७ नंतर घातलेली भर त्यात धरली जाईलच असं नाही. म्हणून कोणता हप्ता कोणत्या तारखेला आला, त्याचे बँकेचे कागद वेगळे लावून ठेवा. पैसे परत न नेण्याच्या अटीवर, म्हणजे नॉन-रिपॅट्रिएशन तत्त्वावर, आणले असतील तर सरकारी वकील त्यावर नक्की बोट ठेवतील. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या नियमांत अशी गुंतवणूक देशी गुंतवणुकीच्या बरोबरीने धरली जाते. करारातली गुंतवणुकीची व्याख्या आणि फेमातली वर्गवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं उत्तर त्यावर देता येतं. पण ते द्यावं लागेल, हे आधीच माहीत असलेलं बरं.

प्रश्न : गोव्यात आमच्यासारख्या अनेकांच्या जन्माची नोंद लिस्बनमध्ये झालेली आहे. काहींनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, काहींनी अजून नाही. असा माणूस गोव्यात हॉटेल बांधत असेल तर लवादाच्या दृष्टीने तो कोण? पोर्तुगालचं प्रमाणपत्र हाती असेल तर प्रश्नच मिटला ना? — वकील, मडगाव

प्रमाणपत्राने प्रश्न मिटत नाही. सुरुवात तिथून होते, एवढंच.

नागरिक कोण हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो, हे सगळ्यांना मान्य आहे. पण त्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व खरोखर होतं का, हे लवाद मंडळ स्वतः तपासतं. हुसेन सुफराकी विरुद्ध संयुक्त अरब अमिरात, २००४. सुफराकींकडे इटलीचे पासपोर्ट होते, इटालियन अधिकाऱ्यांनी दिलेली नागरिकत्वाची प्रमाणपत्रं होती. मंडळाने इटलीचा कायदा उघडला. १९९१ मध्ये त्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, तेव्हाच्या इटालियन कायद्याने त्यांचं इटालियन नागरिकत्व तिथेच संपलं होतं. १९९२च्या नव्या कायद्याने ते परत मिळवता आलं असतं, पण त्यासाठी इटलीत एक वर्ष वास्तव्य हवं, आणि ते त्यांना सिद्ध करता आलं नाही. दावा दारातच अडला. मंडळाने जाता जाता नोंदवलं की हाच व्यापारी करार इटलीत नोंदलेल्या कंपनीच्या नावाने केला असता तर ही अडचण आली नसती. निवाडा रद्द करून घेण्याचा प्रयत्नही २००७ मध्ये फसला.

नेमकं उलटं प्रकरण इजिप्तचं. सियाग हे जन्माने इजिप्शियन, नंतर इटलीचे नागरिक. इजिप्त म्हणत होता, हा आमचाच माणूस. मंडळाने इजिप्तचाच कायदा लावला : परकं नागरिकत्व घेतल्यावर ठरलेल्या मुदतीत ‘इजिप्शियन राहायचं आहे’ असं कळवलं नाही, तर इजिप्शियन नागरिकत्व जातं. तसं कळवलेलं नव्हतं. दावा टिकला आणि २००९ मध्ये इजिप्तवर ७.४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा लागला. दोन्हीकडे नियम एकच : कागद काय म्हणतो ते पाहा, मग कायदा काय म्हणतो ते पाहा, आणि दोघांत विरोध असेल तर कायद्याच्या बाजूने जा.

आता गोव्याकडे. नुसत्या लिस्बनच्या नोंदीने भारतीय नागरिकत्व जातं, की पोर्तुगीज पासपोर्ट किंवा ओळखपत्र घेतल्यावर, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षं गाजतो आहे. पोर्तुगीज कायद्यात आई-वडिलांमुळे मिळणारं नागरिकत्व जन्मापासूनचं धरलं जातं. म्हणजे पोर्तुगालच्या नजरेत तुमचा अशील जन्मापासून पोर्तुगीज, आणि भारताच्या नजरेत तो कलम ९ लागू होण्याच्या दिवसापर्यंत भारतीय. या मधल्या वर्षांत हॉटेलची जमीन घेतली असेल, तर सरकारचा पहिला आक्षेप हाच असणार की गुंतवणूक झाली तेव्हा हा भारतीय होता.

दुहेरी नागरिकत्व मान्य केलं तरी पुढे काय, हे कुठल्या नियमांखाली जाता त्यावर आहे. जागतिक बँकेच्या छत्राखालच्या इक्सिड व्यवस्थेत उत्तर स्पष्ट आहे. १९६५च्या कराराच्या कलम २५ प्रमाणे, लवादाला संमती दिली त्या दिवशी आणि दावा नोंदला गेला त्या दिवशी, या दोन्हींपैकी एकाही दिवशी यजमान देशाचं नागरिकत्व असेल तर व्यक्तीला दार बंद. ‘चॅम्पियन ट्रेडिंग’ प्रकरणात २००३ मध्ये अमेरिकन-इजिप्शियन दुहेरी नागरिक असलेल्या व्यक्ती याच कारणाने बाहेर पडल्या. त्याच खटल्यातल्या अमेरिकन कंपन्या मात्र आत राहिल्या. भारत इक्सिडचा सदस्यच नाही. त्यामुळे भारताविरुद्धचे दावे बहुतेक अनसिट्रालच्या (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार कायदा आयोग) नियमांखाली चालतात. त्या नियमांत अशी बंदी लिहिलेली नाही, म्हणून वाद उघडा राहतो. व्हेनेझुएला प्रकरणांत गार्सिया अरमास कुटुंबातल्या एका गटाचा दावा स्पॅनिश-व्हेनेझुएलन दुहेरी नागरिकत्व असूनही २०१४ मध्ये स्वीकारला गेला (आणि मग फ्रेंच न्यायालयांत वर्षानुवर्षं अडकला). त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या गटाचा दावा २०१९ मध्ये दुसऱ्या मंडळाने फेटाळला. करार तोच, आडनाव तेच.

काही करार स्वतःच कसोटी देतात : दोनपैकी प्रबळ आणि प्रत्यक्षातलं राष्ट्रीयत्व कोणतं? २०१९चं बॅलंटाइन विरुद्ध डोमिनिकन रिपब्लिक हे प्रकरण वाचून घ्या. मूळचं अमेरिकन दांपत्य, डोमिनिकन नागरिकत्व नंतर घेतलेलं. घर कुठे, मुलं कुठे शिकतात, धंदा कुठे, स्थानिक नागरिकत्व कशासाठी घेतलं, हे सगळं तपासून मंडळाने त्यांना त्या काळापुरतं मुख्यतः डोमिनिकन ठरवलं. धंद्याच्या सोयीसाठी घेतलेलं नागरिकत्वच त्यांच्या अंगाशी आलं. भारताच्या नव्या नमुना करारातही दुहेरी नागरिकासाठी हीच कसोटी आहे, आणि माणूस कायम कुठे राहतो हे तिथे पाहिलं जातं. मडगावात राहून मडगावात हॉटेल चालवणाऱ्या माणसाला त्या कसोटीवर पोर्तुगीज ठरवणं कठीण आहे, हे अशिलाला आजच सांगा. आणि पोर्तुगालबरोबरचा जुना करारही संपवलेल्या करारांत आहे.

हाच माणूस तिसऱ्या देशात गुंतवणूक करत असेल तर चित्र पालटतं. तिथे त्याचं दुसरं नागरिकत्व आड येत नाही. पोर्तुगालचा त्या देशाशी चालू करार असेल तर तो वापरता येतो.

प्रश्न : एका परदेशी अशिलाचा महाराष्ट्रातल्या प्रकल्पावरून सरकारी यंत्रणेशी खटका उडाला आहे, अजून नोटीस दिलेली नाही. त्यांच्या देशाचा भारताशी करार नाही. आता मध्ये चांगल्या कराराच्या देशातली होल्डिंग कंपनी घातली तर चालेल का? — सनदी लेखापाल, ठाणे

तुम्ही ‘खटका उडाला आहे’ असं लिहिलंत, तिथेच उत्तर आहे. उशीर झाला.

आधीपासून असलेली मधली कंपनी आणि वाद दिसल्यावर घुसवलेली मधली कंपनी, यांत लवाद मंडळं फार मोठा फरक करतात. व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनचा भारतातला हिस्सा घेतला तो डच कंपनीमार्फत. कराचा वाद पेटला त्याच्या आधीपासून ती कंपनी साखळीत होती. डच करारावरचा तो दावा व्होडाफोनने २०२० मध्ये जिंकला. उलट फिलिप मॉरिसने ऑस्ट्रेलियातला व्यवसाय हाँगकाँगच्या कंपनीकडे वळवला तो फेब्रुवारी २०११ मध्ये. सिगारेटच्या पाकिटांवरचं बोधचिन्ह काढून साधी पाकिटं सक्तीची करणार, हे ऑस्ट्रेलियन सरकारने एप्रिल २०१० मध्येच जाहीर केलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये मंडळाने दावा ऐकूनच घेतला नाही : वाद येणार हे दिसत असताना केवळ करार मिळवण्यासाठी रचना बदलणं हा हक्काचा गैरवापर आहे.

‘फिनिक्स’ प्रकरण (२००९) याहून उघड होतं. इस्रायलमध्ये कंपनी काढली आणि तिने आधीच वादात अडकलेल्या दोन चेक कंपन्या विकत घेतल्या. मंडळाला यात गुंतवणूकच दिसली नाही. मोबिल विरुद्ध व्हेनेझुएला (२०१०) मात्र मध्यममार्गी आहे. तिथे २००५-०६ मध्ये नेदरलँड्सची कंपनी वर बसवली गेली. रॉयल्टी आणि कराचे जे वाद त्याआधीच सुरू झाले होते त्यांना संरक्षण नाही, पण २००७ मधल्या राष्ट्रीयीकरणाच्या वादाला आहे, असं ठरलं. म्हणजे भविष्यातल्या अनोळखी धोक्यासाठी रचना करणं वैध, समोर दिसणाऱ्या भांडणासाठी अवैध. यात कळीचा शब्द ‘दिसणारं’. तुमच्या अशिलाला प्रकल्प कार्यालयातून आलेलं पहिलं आक्षेपाचं पत्र ज्या तारखेचं असेल, त्या तारखेनंतरचा कुठलाही बदल संशयाचा.

आणखी एक धोका सल्लागार विसरतात. लवादात दस्तऐवज उघड करण्याचे आदेश निघतात. ‘करसोयीसाठी पुनर्रचना’ असं संचालक मंडळाच्या ठरावात लिहायचं आणि ईमेलमध्ये ‘करार मिळावा म्हणून’ असं, तर ईमेलवर विश्वास ठेवला जातो. कर हेच खरं कारण असेल तर कर-सल्ला, त्याची तारीख आणि त्यावर झालेली कार्यवाही असे तिन्ही कागद हवेत. भारताच्या नमुना करारात तर स्पष्टच लिहिलं आहे : लवादाचा मार्ग मिळवणं हाच मुख्य हेतू ठेवून उभी केलेली किंवा पुनर्रचित गुंतवणूक असेल, तर लाभ नाकारता येतील, तेही लवाद सुरू झाल्यानंतरसुद्धा. जुन्या करारांवरच्या निवाड्यांत अशा नाकारण्याचा परिणाम पुढच्या काळापुरताच धरला गेला होता (प्लामा विरुद्ध बल्गेरिया, २००५). नव्या शब्दरचनेने ती पळवाट बुजवली.

अशिलाला प्रामाणिक सल्ला द्यायचा तर इथल्या न्यायालयाचा आणि करारातल्या व्यापारी लवादाचा रस्ता दाखवा.

प्रश्न : भारतीय कंपन्या बाहेर हे करार वापरतात का? — मुलुंड

वापरतात, कमी प्रमाणात. पोलंडमधल्या वॉर्सा विमानतळावरच्या दुकानांचे भाडेकरार रद्द झाल्यावर भारतात नोंदलेल्या फ्लेमिंगो ड्यूटीफ्री कंपनीने भारत-पोलंड करारावर दावा केला आणि २०१६ मध्ये जिंकला. पोलंडमधल्या कंपनीतला तिचा हिस्सा थेट नव्हता, साखळीतून होता, तरी तो पुरेसा ठरला. इंडोनेशियातल्या कोळसा परवान्यांवरून इंडियन मेटल्स अँड फेरो अॅलॉइजने केलेला दावा मात्र २०१९ मध्ये फेटाळला गेला. सावध करणारी गोष्ट ही की भारताने इथले दावे टाळायला जे करार संपवले, ते बाहेर जाणाऱ्या भारतीय गुंतवणूकदाराचेही करार होते.

प्रश्न : दावा दाखल करताना राष्ट्रीयत्व बरोबर होतं, पण लवाद चालू असताना कंपनीची मालकी किंवा देश बदलला तर? आणि कागद कोणते जपावेत? — कंपनी सचिव, पुणे

दुसऱ्या भागाचं आधी. व्यक्ती असेल तर जुने-नवे सगळे पासपोर्ट, नागरिकत्व मिळाल्याचं मूळ प्रमाणपत्र, भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट, आणि त्या देशाच्या नागरिकत्व कायद्यावर तिथल्या वकिलाचं लेखी मत. कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, सभासद नोंदवही, प्रत्येक शेअर हस्तांतराचा दस्त, रिझर्व्ह बँकेकडे भरलेले अर्ज : शेअर वाटपाचा एफसी-जीपीआर (वाटपापासून ३० दिवसांत) आणि शेअर हस्तांतराचा एफसी-टीआरएस (६० दिवसांत). भरीव व्यवसाय दाखवायचा असेल तर कार्यालयाचा भाडेकरार, पगारपत्रक, तिथल्या लेखापरीक्षकाचे अहवाल, प्रत्यक्ष झालेल्या बैठकांची इतिवृत्तं. करनिवासाचं प्रमाणपत्र ठेवा, पण एकट्या त्यावर विसंबू नका.

पहिल्या भागासाठी लोएवन प्रकरण पाहा. अंत्यसंस्कार सेवा देणाऱ्या या कॅनडियन समूहाने नाफ्ता या उत्तर अमेरिकी व्यापार कराराखाली अमेरिकेविरुद्ध दावा केला. दावा चालू असताना कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुनर्रचनेत तिचा व्यवसाय अमेरिकन कंपनीकडे आला. दावा सांभाळायला कॅनडात एक रिकामी कंपनी उभी केली होती. २००३ मध्ये मंडळाने सांगितलं की घटना घडल्यापासून निवाड्यापर्यंत राष्ट्रीयत्व अखंड हवं, आणि ती रिकामी कंपनी त्यासाठी पुरेशी नाही. या निर्णयावर टीका खूप झाली, आणि इक्सिडच्या कलम २५ मध्ये कंपनीसाठी फक्त संमतीचा दिवस पाहिला जातो. तरीही निवाडा हाती येईपर्यंत साखळीतला एकही दुवा हलवू नका. विलीनीकरणाचा प्रस्ताव संचालक मंडळासमोर जाण्याआधी तो लवादाच्या वकिलांकडे गेला पाहिजे.